"सांभाळून राहा गं", आणि मग?

जून आला की घराघरांतून एकच धांदल! मार्कलिस्टच्या झेरॉक्स, फीचे हप्ते, होस्टेलवर न्यायची गादी, चिवड्याचे डबे. मैत्रिणींनो, कॉलेजात निघालेल्या लेकीला आपण सगळं बांधून देतो. "सांभाळून राहा गं," असंही म्हणतो. पण नाहीच सांभाळता आलं तर काय करायचं, हे कुणी सांगतं का तिला?

आमच्या नात्यातली एक मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना एकाएकी कॉलेजला जाईनाशी झाली. आज पित्त, उद्या डोकं. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. गॅदरिंगच्या तालमीनंतर वरच्या वर्गातल्या, चांगल्या ओळखीच्या मुलाने तिच्यावर बलात्कार केला होता. (हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो, स्वयंपाकघरात उच्चारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिला.) आईचा पहिला प्रश्न काय, तर "ओरडली का नाहीस?" महिन्याभरात मुलीचं कॉलेज सुटलं, स्थळं बघणं सुरू झालं. तो मात्र परीक्षा देऊन, पेढे वाटून गेला! त्या माउलीला मी नावं ठेवत नाही. तिला दुसरी वाट ठाऊकच नव्हती.

आणि तो प्रश्न काही आपल्याच घरातला नाही, बरं का. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत आपल्या वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. मग गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ पासून तर कायद्यातच लिहिलेलं आहे, की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. भीतीने मुलीची वाचा बसते, हातपाय गळतात. कायद्याला कळलं ते आईला कळायला नको?

आता अगदी घरगुती गोष्ट. अशी लेक घरी आली की आपला हात आधी जातो तो गीझरकडे. तिला आंघोळ घाल, कपडे भिजव. जीव तुटत असतो हो, पण तेवढं करू नका! कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या नको, त्यात ओल धरते. आणि तिला तशीच इस्पितळात न्यावी. सरकारी असो की खाजगी, मोफत उपचार करणं त्यांना बंधनकारक आहे. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी जितकी लवकर तितकी गुणकारी. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं तर ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. दिवस उलटले असले तरीही न्यायचंच. पोलिसांत तक्रार कुठल्याही ठाण्यावर देता येते, "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही.

कॉलेजचं काय? २०१६ पासून लागू असलेल्या यूजीसीच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात तक्रार समिती हवी, तिच्या प्रमुख बाईच हव्यात. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. सभासदांची माहिती बोर्डावर लावायलाच हवी. माझ्या धाकटीच्या ॲडमिशनच्या वेळी मी खिडकीशी विचारलं, तर क्लार्कने मला स्कॉलरशिपच्या रांगेत उभं केलं! शेवटी कँटीनमागे एक पिवळा पडलेला कागद सापडला. त्यातल्या एक बाई कधीच्याच निवृत्त झालेल्या. आम्ही चौघी आयांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला, पोच घेतली. पंधरा दिवसांनी नवा कागद लागला. फोन नंबरासकट, आणि जिन्याशी, येताजाता दिसेल असा.