गायक यायच्या आधीची चार मिनिटं

गायक तोंड उघडेपर्यंत जवळजवळ चार मिनिटं जातात. 'टेम्प्टेशन्स'च्या 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन'ची अल्बमवरची आवृत्ती साधारण बारा मिनिटांची, आणि त्यातला पहिला एकतृतीयांश हिस्सा नुसता वाद्यांचा. बेस गिटार दोन-चार स्वर टाकते आणि गप्प बसते. हाय-हॅटची झांज मात्र थांबत नाही. मग वा-वा पेडलमधून गिटार कुरकुरायला लागते, लांबून व्हायोलिनं येतात, ट्रम्पेटचा एक फटकारा प्रतिध्वनीत विरत जातो, कधीतरी टाळ्या पडू लागतात. कॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. तमाशात गण सुरू व्हायच्या आधी ढोलकीवाला आणि हलगीवाला फड तापवतात, तसं हे तापवणं. गाणं जागचं हलत नाही आणि ऐकणाऱ्यालाही हलू देत नाही.

हे १९७२ सालचं. त्याच डिसेंबरात ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. छोट्या तबकडीसाठी कापून घेतलं तरी सात मिनिटांच्या आसपास. आज असं गाणं घेऊन कुणी कंपनीच्या दारात उभं राहिलं तर पहिला प्रश्न येईल, आवाज कधी येतो? स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एकदा वाजल्याची नोंद होते. एवढ्यात मुखडा कानावर पडला नाही तर अंगठा पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. माझाही जातो, उगाच साधुपणाचा आव कशाला आणा!

आमच्या पिढीने ही गाणी ऐकली ती भरून घेतलेल्या कॅसेटींवर. मित्राचा थोरला भाऊ बोटीवर होता. त्याने आणलेल्या एलपींवरून नव्वद मिनिटांची कॅसेट भरली जायची, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. आतल्या कागदावर बॉलपेनने 'इंग्लिश डान्स – २' एवढंच. कोण गातंय, कुठल्या साली, कुठल्या गावात, काही पत्ता नाही. 'बी जीज' संपले की डॉना समर, तिच्या मागोमाग 'कार वॉश', आणि मग मध्येच ही बारा मिनिटं, बाजू संपल्यामुळे नवव्या-दहाव्या मिनिटाला तुटलेली. गाणी कालक्रमाने लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

शिवाय आमच्याकडे हा प्रवासच उलटा झाला. आधी डिस्को आला. 'सॅटरडे नाइट फीव्हर' १९७७चा, आणि १९८०मध्ये 'कुर्बानी'तून नाझिया हसनचा आवाज घरोघरी पोचला. त्या गाण्यामागचा बिद्दू हा बंगळुरूत जन्मून लंडनला गेलेला माणूस. कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' त्यानेच १९७४मध्ये घडवलेलं. १९८२च्या 'डिस्को डान्सर'नंतर तर मिरवणुकीतले बँडवालेही तोच ठेका धरू लागले. फंक आणि सायकेडेलिक सोल आम्हाला नंतर, मागे जात जात सापडले. म्हणून मधल्या भिंती आम्हाला कधी दिसल्याच नाहीत. आता वाटतं, त्या विनानावाच्या कॅसेटीने बरोबर शिकवलं.

कारण त्या कॅसेटीवरचं 'पापा' आणि 'कार वॉश' एकाच माणसाच्या हातची निघाली. नॉर्मन व्हिटफिल्ड हा डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा निर्माता. १९६८च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोहून स्लाय स्टोनचं 'डान्स टू द म्युझिक' आलं होतं. काळे-गोरे, बायका-पुरुष एकाच बँडमध्ये. आवाज आलटूनपालटून ओळी उचलतात आणि लॅरी ग्रॅहमचा बेस गुरगुरतो. पुढे याच ग्रॅहमने अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने खेचायची रीत जगभर रुजवली. ती लागली कशी, तर आईबरोबर दोघांतच वाजवताना ड्रमर नव्हता, म्हणून ड्रमचं काम त्याने तारांवर भागवलं. टेम्प्टेशन्सचा ओटिस विल्यम्स सांगतो, की स्लायचा विषय काढला तेव्हा व्हिटफिल्डने आधी हे चार दिवसांचं फॅड म्हणून उडवून लावलं. थोड्याच दिवसांत 'क्लाउड नाइन' तयार! डेनिस कॉफीची वा-वा गिटार, गरिबीतून सुटका शोधणारे शब्द, पाच आवाजांत वाटलेल्या ओळी. मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळालं ते या गाण्याला.

पुढची चार-पाच वर्षं व्हिटफिल्डने गाणी लांबवत नेली. गायकांना ते रुचत नव्हतं. वाद्यांना मैदान आणि आम्हाला कोपरा, ही त्यांची तक्रार. गायकाच्या बाजूने पाहिलं तर तक्रार खरीच होती, पण मी वाद्यांच्या बाजूचा. 'पापा'ला तीन ग्रॅमी मिळाली, त्यांतलं एक निव्वळ वाद्यांच्या बाजूसाठी. मग व्हिटफिल्ड मोटाउन सोडून स्वतःची कंपनी काढतो. एडविन स्टारमागे आणि 'अनडिस्प्यूटेड ट्रूथ'मागे वाजवणाऱ्या पोरांचा एक बँड होता, त्याला 'रोझ रॉइस' या नावाने पुढे आणतो आणि १९७६मध्ये 'कार वॉश' चित्रपटाचं संगीत करतो. सुरुवातीला नुसत्या टाळ्या. मग बेस. मग तीच कुरकुरणारी गिटार. फरक एवढाच, की आता पाय आपोआप हलतात. दुकानात ही तबकडी डिस्कोच्या खणात होती.

आता थोडं ठेक्याबद्दल. जेम्स ब्राउनने १९६७च्या 'कोल्ड स्वेट'पासून सगळा भार समेवर टाकला. पहिल्या मात्रेला घाव, बाकीच्या तीन मात्रांत वाद्यांनी एकमेकांच्या फटीत बसायचं. तो फंक. डिस्कोने काय केलं, तर चारही मात्रांना पायाचा ड्रम सारखा ठोकला आणि दोन ठोक्यांच्या मधोमध हाय-हॅट उघडून 'त्सss' असा आवाज काढला. हे ठळकपणे पहिल्यांदा केलं फिलाडेल्फियाच्या अर्ल यंगने, 'हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स'च्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये, १९७३ साली. गाणं आधी संथ ठरलं होतं. सिग्मा साउंड स्टुडिओत लय वाढवली आणि एका विरहगीतावर लोक नाचायला लागले. त्याच्या वर्षभर आधी टेम्प्टेशन्समधूनच बाहेर पडलेल्या एडी केंड्रिक्सचं साडेसात मिनिटांचं 'गर्ल यू नीड अ चेंज ऑफ माइंड' आलं होतं. मध्येच सगळी वाद्यं गळून पडतात आणि एकेक करून परत येतात. चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांतून उचललेली युक्ती. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर डेव्हिड मँकुसो आपल्या राहत्या जागेत १९७०पासून मेजवान्या द्यायचा. तिथे दारू विकली जात नसे, आणि हे गाणं तिथल्या मंडळींचं जीव की प्राण. मँकुसो एलएसडीच्या जमान्यातला. त्याच्या पहिल्या मेजवानीच्या निमंत्रणावर 'लव्ह सेव्हज द डे' होतं, आद्याक्षरं वाचा म्हणजे झालं. सायकेडेलिक सोल कुठे संपला आणि डिस्को कुठे सुरू झाला, हे त्या खोलीत कुणी सांगू शकलं असतं असं मला वाटत नाही.

लांब गाणी वाजवायची तर तबकडीही तशी हवी. सात इंची तबकडीवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा अरुंद होतात आणि आवाज बसतो. डिस्कोची गाणी मिक्स करणाऱ्या टॉम मोल्टनला एकदा चाचणीची तबकडी कापून हवी होती, तर सात इंची कोऱ्या संपलेल्या. दहा इंचीवर कापली. नुसती मोठी तबकडी नको, खाचा पसरून काप म्हणाला, आणि आवाज असा दणदणीत निघाला की पुढे बारा इंची सिंगल हा डिस्कोचा राजमार्गच झाला. १९७६मध्ये 'डबल एक्सपोजर'चं 'टेन पर्सेंट' दुकानात बारा इंचीवर विकायला आलं, नऊ मिनिटांच्या वर.

मग १२ जुलै १९७९. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओवाल्याने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला. प्रेक्षक मैदानात घुसले, मैदान खणलं गेलं, दुसरा सामना यजमानांना सोडून द्यावा लागला. पाहुणा संघ कुठला, तर डेट्रॉइटचा. त्या संध्याकाळी तिथे जागा दाखवण्याचं काम करणारा व्हिन्स लॉरेन्स पुढे हाउस संगीताच्या पहिल्या फळीतला झाला. तो सांगतो, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेलं, काळ्या कलाकारांचं कितीतरी संगीत होतं. म्हणजे जाळायला निघालेल्यांनाही हे सगळं एकच वाटत होतं!

आता भिंती आहेत, आणि फार नीटनेटक्या आहेत. अ‍ॅप उघडलं की सायकेडेलिक सोल एका यादीत, फंक दुसऱ्या, डिस्को तिसऱ्या. व्हिटफिल्डला तीन ठिकाणी शोधावं लागतं. शिवाय कोर्टं आहेत. मार्विन गेचं १९७७चं 'गॉट टू गिव्ह इट अप' हे मुळात डिस्कोची थट्टा करायला निघालेलं गाणं. त्याच्याशी साम्य म्हणून २०१३च्या 'ब्लर्ड लाइन्स'च्या कर्त्यांना लाखो डॉलर मोजावे लागले. 'अपटाउन फंक'च्या श्रेयनामावलीत २०१५मध्ये 'गॅप बँड'ची मंडळी मागाहून दाखल झाली. हा नियम १९७३ला असता तर निम्मा फिलाडेल्फिया कोर्टात बसला असता. पण जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचं काय? 'फंकी ड्रमर'मधला त्याचा तुकडा शेकडो रॅप गाण्यांनी उचलला आणि त्याच्या वाट्याला रॉयल्टीचा वाटा आला नाही. तो २०१७मध्ये गेला. तेव्हा कोर्टाला सरसकट नावं ठेवणंही मला जमत नाही.

यंत्रालाही नाही. जुनी मंडळी जिवंत वादकांसाठी गळा काढतात तेव्हा स्लाय स्टोनची आठवण करून द्यावी. १९७१च्या 'फॅमिली अफेअर'मध्ये त्याने चक्क ठेक्याची पेटी वापरली आणि गाणं पहिल्या क्रमांकावर नेलं. उलट यंत्रमानवाचे मुखवटे घालणाऱ्या 'डाफ्ट पंक'ने २०१३च्या 'गेट लकी'साठी 'शिक'च्या नाइल रॉजर्सची गिटार आणि ओमर हकीमचे ड्रम घेतले. २०२१मध्ये 'सिल्क सोनिक'ने अल्बमचं निवेदन बूट्सी कॉलिन्सकडून करून घेतलं, जो आधी जेम्स ब्राउनचा आणि मग जॉर्ज क्लिंटनचा बेसवाला. ऐकायला गोड आहे, कारागिरी चोख आहे. पण गाणी आटोपशीर. वाद्यांना भरकटायला कुणी जागा देत नाही, आणि माझी खरी हळहळ एवढीच आहे.

बाकी मिळकतही मोठी. मोटाउनच्या एलपीवर वादकांची नावंच नसायची. 'फंक ब्रदर्स' पहिल्यांदा छापून आले मार्विन गेच्या १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. आज कुठल्या गाण्यात कोण वाजवतंय हे घरबसल्या कळतं. स्टीव्ही वंडरच्या 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड'च्या सुरुवातीचं सतारीसारखं काय ते, हा आमचा त्या वेळचा वादाचा विषय. ती इलेक्ट्रिक सतार. गिटारसारखी धरायची आणि सतारीसारखी झणझणणारी. वाजवणारा डेट्रॉइटचा एडी विलिस. आपल्याकडून तिकडे असा एक झंकार गेला, आणि तिकडचा ठेका इकडे येऊन पुन्हा तिकडे पोचला. कल्याणजी-आनंदजींच्या 'अपराध' आणि 'डॉन'मधल्या, सांगलीच्या आशाताईंनी गायलेल्या दोन गाण्यांचे तुकडे 'ब्लॅक आइड पीज'ने २००५मध्ये एकत्र जोडले आणि त्यावर ग्रॅमी घेतलं. कॅसेटीवर हे आलं असतं तर 'इंग्लिश डान्स'मध्येच भरलं असतं, कुणी हरकत घेतली नसती.

भाचा लॅपटॉपवर संगीत करतो. 'द लव्ह आय लॉस्ट'मधून त्याने सॉफ्टवेअरने ड्रम वेगळे काढले आणि पडद्यावरच्या चौकटींवर बसवायला गेला. बसेनात. अर्ल यंग कोरसला किंचित पुढे सरकतो, नंतर सावरून घेतो. मेट्रोनोम कानात नसलेला माणूस. "मामा, हा चुकतोय का मुद्दाम करतोय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पूर्ण गाणं लाव, सहा मिनिटं आहेत. त्याने ते दोनदा लावलं आणि चौकटी बंद करून टाकल्या.

त्याला मी ऐकायचा क्रम दिलाय तो आमचाच, उलटा. 'कार वॉश'पासून निघायचं, मग फिलाडेल्फिया, मग केंड्रिक्स, मग 'क्लाउड नाइन', आणि तिथून स्लाय स्टोन, जो २०२५च्या जूनमध्ये गेला. शफल बंद ठेवायचं. त्याच्या मागे जेम्स ब्राउन लागतो, पण त्याला स्वतंत्र आठवडा काढावा लागेल.