मधले रबर

वकिलाने हाती पाना धरू नये, असा निर्बंध कोणत्याही कायद्यात नाही. तरीही गेल्या आश्विनातील एका रविवारी आम्ही तो धरला, तेव्हा वाड्यावरच्या मंडळींना मोठी मौज वाटली. त्या रविवारची ही हकीकत.

मोटार आमच्या वडिलांची. ते निवर्तल्यावर दादाने व आम्ही वाटणीचा दावा मांडला आणि मालमत्तेच्या यादीत कुळागराखालोखाल या मोटारीचेही नाव चढले. एकाच घराच्या दोन अंगांत आम्ही दोघे भाऊ राहतो. बोलणे मात्र दोन वर्षे वकिलांमार्फत. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेचा अर्धा वाटा पत्नीचा असतो, हे आम्ही पक्षकारांना नित्य सांगतो. घरात मात्र त्याचा सोयीस्कर विसर पडला होता. मोटार सामाईक, म्हणून तिच्यावर कोणीच खर्च करीना. ती चाले केवळ सोमवारी, आईला मंगेशीच्या पालखीला नेण्यापुरती. एक सोमवार दादाचा, एक आमचा.

भाद्रपदात इंजिनाचा पट्टा किरकिरू लागला. गाडी उभी असतानाही तिचे अंग थरथरे. पट्टा बदलून पाहिला. आठ दिवसांत पुन्हा तेच. अखेर फोंड्याच्या एका वृद्ध मिस्त्रीने युक्ती सांगितली : क्रँकच्या पुलीवर मध्यापासून काठापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढा आणि काही दिवस गाडी चालवा. आम्ही तसे केले. पुढच्या रविवारी रेघ मध्येच तुटलेली. बाहेरचा तुकडा बोटभर पुढे सरकलेला. इतका निर्विवाद पुरावा आम्हांस न्यायालयात क्वचितच लाभला असेल.

या पुलीला हार्मोनिक बॅलन्सर म्हणतात. ती दिसते एकसंध, परंतु असते तीन भागांची : आत क्रँकशाफ्टवर घट्ट बसलेला तुंबा, बाहेर जड लोखंडी कडे आणि दोहोंच्या मध्ये रबराचा पातळ थर. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते, तेव्हा क्रँकशाफ्टला सेकंदाला १०० धक्के बसतात. प्रत्येक धक्क्यासरशी तो पोलादी दांडा किंचित पिळतो आणि उलट उसळतो. धक्क्यांची लय आणि दांड्याची स्वतःची लय जुळली, तर पीळ वाढत जाऊन पोलादही तुटते. जड कडे आपल्या गतीने फिरू पाहते, दांडा हिसके देतो, आणि मधले रबर दोन्हीकडून ताणले जाऊन तो कंप उष्णतेच्या रूपाने जिरवते. असे कंप जिरवणाऱ्या साधनाचे पेटंट इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१० साली घेतले. रबराची रीत पुढे रूढ झाली. रबर मात्र तेल, उष्णता आणि वय यांनी झिजते. बाहेरून काही दिसत नाही. एके दिवशी कडे सुटते.

नवी पुली आम्ही आमच्या पैशाने आणली. मजुरीच्या पावतीवरून यादीत आणखी एक हरकत नको, म्हणून काम स्वतःच करण्याचे ठरविले. बॅटरीची तार सोडली, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोडीवर टेकविली, चालकाच्या बाजूचे पुढचे चाक काढले, पट्टा उतरविला. मधला बोल्ट मात्र हलेना. पाना लावावा, तर सारे इंजिनच फिरे. पुस्तकात उपाय होता : गाडी वरच्या गिअरमध्ये घालून दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. दुसरे माणूस कोठून आणावे? सौ. माहेरी, चिरंजीव पुण्याला.

"मी बसते," आई म्हणाली.

गुडघ्यांनी ती अधू. आमचा नकार न ऐकता ती वर चढली आणि दोन्ही हात सुकाणूवर ठेवून तिने ब्रेकवर पाय दिला. आम्ही पान्यावर भार टाकला. पाय सरकला. तिने पुन्हा दाबला, पुन्हा सरकला. तिच्या तोंडून शब्द आला नाही, परंतु ओठ घट्ट मिटलेले आम्हांस दिसले. तेवढ्यात पलीकडच्या अंगाचे दार वाजले. दादाने आईला हाताला धरून खाली उतरविले आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, "ब्रेकाचेर पांय हांव दवरतां. तूं काम कर."

बोल्ट सुटला. पुलरचे पंजे आम्ही चुकून बाहेरच्या कड्याला लावले. कडे तेवढे हाती आले आणि रबराचा काळा भुगा अंगणात सांडला. मग तुंब्याच्या आट्यांत बोल्ट बसवून तो ओढला. मागचे तेलाचे सील शाबूत होते. दांड्यावरची चावी खाचेशी जुळवून, हातोडी न लावता, नवी पुली बसविली. नवा बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तकातील मापापर्यंत आवळताना पुन्हा ब्रेक हवा होता. दादा जागचा हलला नव्हता.

आई ओसरीवर गुडघ्यांना तेल चोळीत बसली होती. दोन वर्षे "त्याला सांग", "याला सांग" असे निरोप तिनेच नेले होते, आणि त्यांतले कडवट शब्द वाटेत गाळले होते. ते कोठे जात, हे आम्ही कधी विचारले नव्हते. अंगणातला भुगा झाडताना प्रथमच विचार आला.

दुसऱ्या दिवशी मंगेशीला तिघे एकत्र गेलो. पालखी फिरून आल्यावर आईने तीर्थ घेतले आणि दोघांच्या हाती प्रसाद ठेवला. बोलली काहीच नाही. त्या आठवड्यात मोटारीबद्दलची हरकत आम्ही मागे घेतली, दादानेही घेतली. गाडी आता आईच्या वाट्यात आहे. कुळागराचा तंटा अद्याप मिटलेला नाही. परंतु त्याबद्दल जे बोलायचे ते आम्ही दोघे समोरासमोर बोलतो. आईकरवी निरोप धाडीत नाही.

नव्या पुलीवरही आम्ही पांढरी रेघ ओढून ठेवली आहे. दर रविवारी बॉनेट उघडून पाहतो.