आवाज कमी, ठेका पक्का

सिनेमात वरात दाखवतात, मिरवणूक दाखवतात. पन्नास-साठ माणसे बेभान नाचत असतात आणि त्याच गर्दीत बाप आपल्या लेकीशी दोन शब्द बोलतो. ते शब्द आपल्याला स्वच्छ ऐकू येतात. आमच्या गल्लीतल्या पोरांनी आम्हाला विचारले, "काका, एवढा डीजे वाजत असताना माइकला बोलणे सापडते कसे?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात बरेच काही शिकण्यासारखे आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही म्हणजे पिंपळे गुरवमधले दोघे भाऊ आणि आमच्या घरची मंडळी. दिवसा भोसरीच्या एमआयडीसीत नोकरी आणि सुट्टीला साऊंड सिस्टिम भाड्याने देण्याचा छोटा धंदा. साखरपुडा, बारसे, जयंती, धम्मप्रवचन, जिथे बोलावतील तिथे आमचे बॉक्स जातात. अलीकडे शिकलेली पोरे लघुपट काढू लागली, तेव्हा त्यांच्या शूटिंगलाही आम्ही जाऊ लागलो. तिथेच आम्हाला या 'थंप ट्रॅक'ची ओळख झाली. आम्ही घरात त्याला नुसते 'धप' म्हणतो.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. १९३१ साली 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट आला. तेव्हा नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गात असत आणि वादक आडोशाला लपून वाजवत. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्यामुळे बरेचसे शूटिंग रात्री करावे लागले. पुढे १९३५ पासून गाणे आधी ध्वनिमुद्रित करून नटाने नुसते ओठ हलवायचे, ही पद्धत सुरू झाली. मग कित्येक वर्षे सेटवर नाग्रा नावाच्या टेपयंत्रावरून गाणे वाजवत आणि संवाद नंतर स्टुडिओत डब करत. सेटवर कितीही गोंगाट झाला तरी चालत असे. २००१ साली 'लगान'मध्ये संवाद जागेवरच मुद्रित केले. तेव्हापासून आपल्याकडे त्या पद्धतीकडे पुन्हा लक्ष गेले. पण संवाद जागेवर घ्यायचा तर गाणे बंद ठेवावे लागते, आणि गाणे बंद केले तर नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. या अडचणीवरचा तोडगा म्हणजे धप.

माणसाचा कान सेकंदाला २० कंपांपासून २० हजार कंपांपर्यंतचा आवाज ऐकतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ कंपांच्या पुढे असतो, बाईचा १६५ च्या पुढे. म्हणजे ८० च्या खाली माणसाच्या बोलण्यातले फारसे काही नसते. ही मोकळी जागा ओळखून गाण्याच्या प्रत्येक ठेक्यावर ४० कंपांचा, म्हणजे ४० हर्ट्झचा, एक धपका वाजवतात. गाणे सुरुवातीला चार ओळी वाजते, नाचणाऱ्यांच्या अंगात लय भिनते, मग गाणे थांबते आणि मागे नुसती धप, धप राहते. माणसे तिच्यावर नाचत राहतात, दोघे बोलतात, माइक सगळेच टिपतो. नंतर संकलनात ८० च्या खालचे सगळे गाळणीने काढून टाकले की बोलणे शिल्लक राहते. त्याखाली पुन्हा मूळ गाणे घालतात. बाकीच्या नाचणाऱ्यांनी मात्र तोंड मिटून नाचायचे. हुर्यो आणि टाळ्या मागाहून वेगळ्या घेतात.

धप तयार करणे घरच्या संगणकावरही जमते. फुकट मिळणाऱ्या 'ऑडॅसिटी'सारख्या प्रोग्रॅममध्ये ४० हर्ट्झचा सूर काढायचा आणि त्याचा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा तुकडा घ्यायचा. त्यात चार कंप बसतात. त्याची सुरुवात आणि शेवट हळुवार चढता-उतरता करायचा. तुकडा सरळ कापला तर दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज येतो आणि तो 'टक' वरच्या पट्टीतला असल्यामुळे गाळणीतून निसटतो. मग तुकडे ठेक्यावर मांडत जायचे. मिनिटाला १२० ठेके असतील तर दर अर्ध्या सेकंदाला एक. चार मिनिटांच्या गाण्याला ४८० होतात.

संगणकावर बनवलेल्या गाण्यात हे अंतर सारखे असते. पण आपली बरीच जुनी भीमगीते ढोलकीवाल्याने समोर बसून वाजवलेली आहेत. कडव्यात लय थोडी चढते, धृपदाला बसते. तिथे संगणकाचे मोजमाप उपयोगी पडत नाही. आमच्या पुतणीने कानाला हेडफोन लावून असे एक गाणे ठेका ठेका ऐकून बसवले. दोन संध्याकाळी गेल्या. तिची आई म्हणाली, "मटकी निवडावी तसं निवडत बसलीय पोरगी."

दोन गोष्टी जागेवर सांभाळाव्या लागतात. पहिली अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बॉक्सपासून ३४ मीटर मागे असलेल्या माणसाला ठेका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो आणि पडद्यावर मागची रांग ढिली दिसते. म्हणून बॉक्स माणसांच्या मध्यावर ठेवावा. दुसरी गोष्ट खडखडाटाची. धप गाळता येते, पण धपेमुळे जे खडखडते ते गाळता येत नाही. पत्रा, खिडकीची काच, मांडणीवरची पातेली, सगळी थरथरतात आणि त्यांचा आवाज बोलण्यात मिसळतो. आवाज फार चढवला तर बॉक्सच फाटक्या सुरात ८० आणि १२० कंपांचे आवाज काढू लागतो. म्हणून धप जेवढी लहान तेवढी बरी.

आमच्या वस्तीत झालेल्या शूटिंगचे उदाहरण देतो. प्रसंग जयंतीच्या मिरवणुकीचा होता. कारखान्यातून सुटून आलेला बाप नाचतो आहे आणि मुलगी गर्दीतून वाट काढत येऊन सांगते की नर्सिंगला नंबर लागला, पण गाव लांब आहे. बापाचे काम करणारा गृहस्थ चाकणला वेल्डर आहे आणि मुलगी आमच्याच गल्लीतली. एका अनुभवी माणसाने सल्ला दिला की मुलीचा आवाज नंतर कुणा शुद्ध बोलणारीकडून डब करून घ्या, सोपे पडेल. पोरांनी ऐकले नाही. ती म्हणाली, "सर, तोंड माझं आणि बोलणं दुसरीचं, मग मी कशाला हवी?" आम्हाला ते पटले. पडद्यावर आपली माणसे फार वर्षांनी दिसू लागली आहेत. २०१४ च्या 'कोर्ट'मध्ये वीरा साथीदार यांनी लोकशाहीर उभा केला, २०२२ च्या 'झुंड'मध्ये भीमजयंती दिसली. आपले तोंड दिसावे तसा आपला आवाजही आपलाच ऐकू यावा. नाचून धापा टाकणाऱ्या बापाचा अडखळता शब्द एसी स्टुडिओत पुन्हा सापडत नाही.

शूटिंगच्या आधी शेजारच्या वहिनींनी मांडणीवरची भांडी उतरवून गोधडीत गुंडाळली. पत्र्यावर पोती टाकली. कासारवाडीकडून लोकल गेली की थोडे थांबायचे असे ठरले. धप सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा कुणाला काही कळेना. लोक विचारू लागले, "चालू आहे का?" आणि आमचे आबा, सगळ्यांच्या आधी, पायाने ठेका धरून उभे होते.

आबांनी ३० वर्षे प्रेस शॉपमध्ये काढली. त्यांना आता कमी ऐकू येते. आपण बोललेले त्यांना कळत नाही, म्हणून ते सभेत मागे बसतात आणि घरात गप्प असतात. गोंगाटाने येणारे बहिरेपण साधारण ४ हजार कंपांच्या आसपास सुरू होते. त्यामुळे स, श, त, क ही अक्षरे आधी हरवतात आणि खालचा सूर बराच काळ शाबूत राहतो. शिवाय धप कानाइतकीच तळपायाला आणि छातीला कळते. आबांनी बॉक्सवर पालथा हात ठेवला आणि म्हणाले, "हे मला समजतंय." त्या दिवशी मिरवणुकीतल्या पुढच्या रांगेत आबा नाचले, आणि सगळे त्यांच्या पायाकडे पाहून नाचले. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या गॅलॉडेट विद्यापीठात फुटबॉलच्या खेळाडूंना मोठ्या ढोलाच्या ठोक्यावर इशारा देत असत, असे आम्ही वाचले होते. त्याचा अर्थ आम्हाला घरच्या माणसाने दाखवला.

इथे कामगार बंधू-भगिनींना एक सांगायचे आहे. ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरतात. मशिनजवळ शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर कान धोक्यात आहेत असे समजा. इअरप्लग मागून घ्या आणि कानांची तपासणी करून घ्या. गोंगाटाने आलेले बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे. तो नशिबाचा भोग नाही. गेलेले कान परत येत नाहीत, राहिलेले राखता येतात.

दुसरे सांगणे आमच्याच धंद्यातल्या भावांना आहे. वरच्या पट्टीचा आवाज भिंतीला अडतो, खालचा भिंत ओलांडून जातो. आवाज मोजण्याच्या नेहमीच्या मीटरवर ४० कंपांचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो, म्हणून आकडा लहान दिसतो. पण भिंतीपलीकडे झोपलेले तान्हे मूल आणि छातीचे दुखणे असलेली म्हातारी मीटर पाहत नाहीत. २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगितले आहेत, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. आम्ही डीजेवाले आहोत, डीजे बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. आमचे पोट त्यावर आहे आणि जयंतीला नाचण्याचा आनंद कुणाकडून मागून आणलेला नाही. पण साठ माणसे एवढ्याशा धपेवर मन लावून नाचू शकतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हापासून आम्ही बॉक्सची भिंत लावणे सोडले आहे. मिरवणुकीत दोनच बॉक्स मध्यावर ठेवतो आणि गाण्याचे शब्द कळतील एवढाच आवाज ठेवतो. एक-दोन मंडळांनी आम्हाला सोडून दुसरीकडे सुपारी दिली, तेही खरे. पण यंदा एका मंडळाच्या महिलांनी येऊन सांगितले की पहिल्यांदाच लहान पोरांना गाण्यातले शब्द पाठ झाले. ज्या गीतांत बाबासाहेबांचे जीवन सांगितले आहे, त्यांचे शब्दच ऐकू आले नाहीत तर पोरांना कळणार काय?