घर कुणाच्या नावावर?

या मे महिन्यात मालवणला, मेढ्यातील आमच्या घराचे कुलूप काढले तेव्हा शेजारच्या मावशींनी कुंपणापलीकडूनच विचारले, "थंय सगळा बरा आसा मा?"

बरे आहे, हे खरेच. गुडघे थकले तेव्हा मुलाने पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत घर घेतले आणि आम्ही दोघे तेथे राहावयास गेलो. फाटकाशी पहारेकरी, न्हाणीघरात धरावयास दांडा, हाकेसरशी परिचारिका. अशा नव्या प्रकल्पांत रुंद दारे, लिफ्ट, कठडे असावेत असे महारेरानेही २०२४ मध्ये ठरवून दिले आहे.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत मात्र निराळाच प्रसंग आला. रविवारी मिस्साला नेणारी वसाहतीची गाडी खर्चापायी बंद करावी, असा ठराव मांडला गेला. आम्ही बोलावयास उठलो. अध्यक्षांनी सौम्यपणे विचारले, "काका, सभासद आपण की चिरंजीव?"

घर मुलाच्या नावावर आणि मुलगा मस्कतला. आम्ही खाली बसलो. ठराव संमत झाला. आपण येथे पाहुणे आहोत, असे त्या रात्री प्रथमच वाटले.

अध्यक्षांचा दोष नव्हता; सहकारी संस्थेत मत सभासदाचे. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. त्यानुसार सभासदाच्या लेखी शिफारशीने आईवडिलांना सहयोगी सभासद होता येते आणि त्याच्या लेखी पूर्वसंमतीने, त्याच्या गैरहजेरीत मतही देता येते.

हे कळूनही मुलाला सांगण्यास आम्ही दोन महिने लावले. ज्याला बोट धरून चालविले, त्याच्याकडे आपलेच मत मागावयाचे कसे? अखेर सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "पपा, आधी का नाही बोललात?" आठवड्यात पत्र आले.

यंदाच्या सभेत आम्ही हात वर केला. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी सुटते. उरलेल्या रविवारी आम्ही रिक्षा करतो.

मावशींचा मुलगाही आता त्यांना तशाच वसाहतीत नेऊ पाहतो आहे. पाटा-वरवंटा कुणाच्या हवाली करावा, ही त्यांची चिंता. आम्ही म्हटले, "मावशी, तो आमच्या पडवीत राहील. संस्थेच्या कागदांवर तुमचे नाव घालणार का, तेवढे मुलाला आधी विचारा."