गोठ्याचं घर

वाटणीत वाडा थोरल्या दादांकडे गेला आणि आमच्या वाट्याला गोठा आला. तक्रार नाही. पाच खणांचा गोठा, दगडमातीच्या दीड हात जाड भिंती, जागा ऐसपैस. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलजोडी गेली, मागून शेवटची गायही थकून गेली. आता तिथं माणसांनी राहायचं होतं.

अडचण दिंडीची होती. आमचं गाव नातेपुत्याच्या पुढं, माउलींच्या वाटेवर. आजोबांच्या काळी एका आषाढीला पावसानं झोडपलं, तेव्हा त्यांनी जनावरं बाहेर बांधली आणि वारकऱ्यांना आत घेतलं. तेव्हापासून ती दिंडी दुपारी आमच्या गोठ्यातच टेकते. आता घर म्हटलं की खोल्या आल्या. मंडळींना स्वयंपाकघर वेगळं हवं, आणि ते रास्तच; लेक बारावीला, तिला दार लावून बसता येईल अशी जागा हवी. आई म्हणाली, "भिंती खुशाल घाला. माळकरी कुठं टेकतील तेवढं मला सांगा." यावर घरात चार दिवस कुणी मोकळं बोललं नाही.

तोवर काम सुरू झालं. आधी जमीन हातभर खोदली. पिढ्यान्‌पिढ्या शेण-मूत मुरलेली ती काळी माती फेकवेना. ती उसाच्या सरीत गेली. भिंतींचं दुखणं मात्र निराळं. गोठ्याच्या भिंतीत खार मुरलेला असतो. जुन्या काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अशाच गोठ्याच्या मातीतून काढत. वरून सिमेंट थापलं तर आतली ओल अडकते, खार फुलतो आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. पाहुण्यांतल्या एका इंजिनिअरचा आग्रह सिमेंटचाच होता. आमच्या म्हाताऱ्या गवंड्यानं ऐकलं नाही. भिंती खरवडल्या, पाण्यानं धुतल्या, उन्हाळाभर उघड्या ठेवल्या आणि मग चुना लावला. चुन्यातून भिंत श्वास घेते. वेळ दुप्पट लागला, पण मला त्याचंच पटलं.

त्या उन्हाळ्यात नामदेवरायांची एक रचना सारखी मनात येई. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यांतल्या एकात शेजारीण नामदेवांना विचारते, तुझी झोपडी कुणी बांधली? त्या सुताराचा पत्ता दे, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात, हा सुतार मजुरीत प्रेम मागतो. कीर्तनात हे ऐकताना डोळे भरून येतात. घरात सुतार, गवंडी, पत्रेवाला असे तिघं पैशाला बसलेले असताना त्याचा अर्थ जरा अवघड जातो! रोख मजुरी देता येते. प्रेमाची मजुरी देताना कुणाच्या तरी वाट्याची खोली जाते.

शेवटी तोडगा लेकीनं काढला. दोन खण बंद करायचे, एकात चूल, एकात तिची खोली. उरलेले तीन सलग ठेवायचे. आम्ही तिघं तिथंच निजायचं. मंडळींनी मान डोलावली, पण "पाहुणे आले की मी कपडे कुठं बदलू?" हेही विचारलं. त्याला माझ्यापाशी अजून नीट उत्तर नाही. सध्या दोरीवर जुनं लुगडं टाकलंय.

गव्हाण फोडली नाही. तिच्यावर फरशी टाकून पाण्याचे हंडे ठेवले. जमिनीचा मोरीकडचा उतारही गवंड्याला तसाच ठेवायला सांगितला, कारण शे-सव्वाशे माणसं हातपाय धुणार, तर पाणी जायला वाट हवी. रोज निजताना उशी चढाकडे घ्यावी लागते, एवढंच.

यंदा दिंडी आली तेव्हा विणेकरीबुवा उंबऱ्यातच थबकले. नवी भिंत पाहिली, आत किती जागा उरली ते नजरेनं मोजलं. "ओळी आखडून बसू," म्हणाले, आणि विण्यासह आत आले. आई भाकरीची टोपली घेऊन गव्हाणीपाशी उभीच होती. लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत तिच्या कॉटवर दोन म्हाताऱ्या माउल्या पाय चेपत बसल्या होत्या आणि ती खाली पुस्तक घेऊन.