फियाटबरोबरचा पहिला उन्हाळा

वडिलांची 1968 सालची फियाट 1100 डी माझ्याकडे आली ती मार्च संपता संपता. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. नाशिकचं ऊन चढायला लागलं होतं आणि गाडीच्या पोटात काय चालतं याची मला काडीचीही माहिती नव्हती. गाडी तापू नये म्हणून काय करायचं, असं ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. शेजारचे काका म्हणाले, थर्मोस्टॅट काढून टाक. मावसभाऊ म्हणाला, इलेक्ट्रिक फॅन बसव. पंपावर कुणी सांगितलं, बॉनेट मागून जरा उचलून ठेवा, गरम हवा निघून जाईल. प्रत्येक जण ठामपणे बोलत होता, आणि कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं.

नाशिकच्याच द्वारका भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मात्र सल्ला देण्याआधी प्रश्न विचारला. "ताई, गाडी गरम कधी होते? उभी असताना की पळताना?"

हा प्रश्न पुढे सगळीकडे उपयोगी पडला. जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर न्यावी लागते. इंजिनातून पाणी, पाण्यातून रेडिएटरची जाळी, जाळीतून हवा, असा तिचा रस्ता. तो कुठे अडला आहे, एवढंच शोधायचं. माझ्या गाडीचा पंखा पट्ट्यावर चालतो. सिग्नलला इंजिन मंद झालं की पंखाही मंदावतो आणि समोरून वारा नसतो. गाडी फक्त अशा वेळी तापत असेल, तर आधी पट्ट्याचा ताण आणि पंखा बघायचा. मोकळ्या रस्त्यावर, भरपूर वारा लागत असतानाही काटा चढत असेल, तर पाणी नीट फिरत नाही: रेडिएटर चोक आहे किंवा वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, थकला आहे.

माझी गाडी दोन्ही वेळा तापत होती. मिस्त्रींनी डॅशखाली तापमानाचा वेगळा काटा बसवून दिला आणि रेडिएटर रॉडिंगला पाठवला. रॉडिंगमध्ये रेडिएटरची टाकी उघडून अरुंद नळ्यांतून पातळ सळ्या फिरवतात. आतून पांढरट खपल्या निघाल्या. वर्षानुवर्षं घातलेल्या बोअरच्या पाण्यातले ते क्षार. तेव्हापासून माझ्या गाडीत नळाचं पाणी जात नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचं मिश्रण जातं. नुसतं पाणी उष्णता थोडी जास्त वाहून नेतं, पण कूलंट गंज रोखतं आणि मिश्रण उशिरा उकळतं.

उकळण्याचा मुद्दा नाशिकमध्ये महत्त्वाचा आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर राहतो, इथे उघड्या भांड्यात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं, आत दाब धरून ठेवतं. दर पौंड दाबामागे उकळण्याची मर्यादा सुमारे दीड अंशाने वर जाते. झाकणाचं रबर वाळलं की हे संरक्षण गेलं. झाकण गरम असताना उघडायचं नाही, हा नियम मी कुणालाही हात जोडून सांगेन. दाब सुटताक्षणी उकळतं पाणी तोंडावर येतं.

थर्मोस्टॅटचा वाद मिस्त्रींनी माझ्या डोळ्यांसमोर मिटवला. पातेल्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, त्यात सोडला. पाणी उकळण्याच्या बरंच आधी झडप उघडली. "हा चांगला आहे, कशाला काढता?" ते म्हणाले. डिसेंबरात जवळच्या निफाडचा पारा किती खाली जातो हे आपण दरवर्षी वाचतो. थर्मोस्टॅट नसला तर तशा थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं. इलेक्ट्रिक फॅनलाही त्यांनी नकार दिला. या गाडीला डायनामो आहे. इंजिन मंद चालताना तो बॅटरीला पुरेसा करंट देत नाही, आणि फॅनची गरज नेमकी तेव्हाच असते.

खरी परीक्षा कसारा घाटात झाली. शहापूरहून परतताना ऊन टळटळीत होतं. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत रस्ता सुमारे 300 मीटर चढतो. वेग कमी, ओझं जास्त, वारा नाही. काटा वर सरकायला लागला तेव्हा पोटात गोळा आला. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं की, चढावर इंजिन दमायची वाट न बघता खालचा गिअर टाकायचा. इंजिन जरा जास्त फिरलं की पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. तसं केलं आणि काटा थांबला. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही. बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि धातूतली उष्णता आतच कोंडते.

तरी चहानंतर गाडी सुरू होईना. पेट्रोलपंप इंजिनालाच जोडलेला असतो. तापलेल्या इंजिनाच्या धगीने त्यातल्या पेट्रोलची वाफ झाली होती. ओलं फडकं पंपावर गुंडाळलं, थोडा वेळ थांबले, गाडी चालू झाली.

तोवर माझं डोकं भणभणत होतं. गाडीचा काटा मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, स्वतःकडे लक्षच नव्हतं. मिस्त्रींचा प्रश्न मलाही लागू होता: माझी उष्णता कुठे अडते आहे? शरीर घाम वाळवून थंड होतं. रेग्झिनच्या सीटला पाठ चिकटली की तिथला घाम वाळत नाही. आता सीटवर सुती चादर असते, सैल सुती कपडे असतात आणि खिडकीची त्रिकोणी काच वारा अंगावर येईल अशी वळवलेली असते. नाशिकची उन्हाळी हवा कोरडी असल्याने मानेवरचा ओला पंचा खरोखर गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेत तो एवढा उपयोगी नाही. पण हवा अंगापेक्षा गरम असली की वारा एकटा पुरत नाही, पोटात पाणी हवंच. मी पन्हं नेते, किंवा लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर गाडी सावलीत घ्यायची, पोचण्याची घाई सोडायची.

जुन्या गाड्या आपल्या उन्हाला टिकत नाहीत, असं अनेकदा ऐकलं. पण याच फियाटची पुढची आवृत्ती, पद्मिनी, मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली, दिवसभर, गर्दीत, मे महिन्यातसुद्धा. बनवणाऱ्यांनी उष्णतेला वाट ठेवलेली आहे. ती मोकळी ठेवायची जबाबदारी आपली. आणि ते शिकता येतं, गाडीतलं काही कळत नसलं तरी.

घरात अशी गाडी असेल तर मार्चमध्येच रेडिएटर, पट्टा, झाकण दाखवून घ्या. घाट पहाटे चढा. आणि डिकीत दोन कॅन ठेवा, ठळक अक्षरांत नावं लिहून: एक गाडीचं, एक तुमचं. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं, त्यामुळे अदलाबदल होता कामा नये. दोन्ही भरलेले असल्याशिवाय निघू नका.