टेंभरं आणि विटी

गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या सौंदडला उतरलात, तर आधी ऋतू कोणता ते बघा! चैत्रात पहाटे मोहफुलं टपटपतात, वैशाखात पिवळी टेंभरं पिकतात, दिवाळीच्या सुमारास तळ्यातले शिंगाडे येतात. कच्चं टेंभरू मात्र खाऊ नका हं, तोंड आवळून येतं!

पुण्यात २०१२ साली ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय सुरू झालं. तिथं नामवंत खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी जपल्या आहेत. आणि आपल्या आजोबांची विटी? तिच्यावर कुणाची सही नाही, म्हणून ती चुलीत जाते!

टेंभरं पुढच्या वर्षी पुन्हा पिकतील; विसरलेला खेळ परत येत नाही. तेव्हा या सुट्टीत आजोबांकडून विटीदांडूचे नियम लिहून घ्या, विटीही मागून ठेवा. झालं की तुमचं संग्रहालय सुरू!